अनुग्रहाचे खाते

सरकारी मराठीत ‘सानुग्रह अनुदान’ असा एक शब्दप्रयोग आहे. पूर आला, बस दरीत कोसळली, कारखान्यात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो हमखास वाचायला मिळतो. मृतांच्या वारसांना अमुक लाख, जखमींना तमुक हजार. अनुग्रह गुरूचा असतो किंवा देवाचा. तो मागता येतो, त्यावर हक्क सांगता येत नाही. इंग्रजांच्या दफ्तरातून आपल्याकडे आलेल्या ‘एक्स ग्रेशिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थही नेमका हाच आहे. देणाऱ्याने कृपा म्हणून द्यायचे, घेणाऱ्याने घ्यायचे आणि मुळात कोणी कोणाचे काही देणे लागत होते काय, हा प्रश्न दोघांनीही काढायचा नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढल्यामुळे मला या शब्दाकडे जरा संशयाने पाहण्याची सवय लागली आहे. ताळेबंदात देणी दाखवावी लागतात, ती फिटेपर्यंत वर्षानुवर्षे पुढे ओढावी लागतात. देणगी मात्र त्या वर्षीच्या खर्चात टाकली की विषय मिटतो.

हा शब्द ज्यांच्याकडून आपण उचलला त्या ब्रिटनमध्ये दूषित रक्ताने बाधित झालेल्या लोकांना सरकारने वर्षानुवर्षे जे पैसे दिले, ते याच शब्दाच्या आडून. २० मे २०२४ रोजी निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. सात खंड, अडीच हजारांहून अधिक पाने. सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत तीस हजारांहून अधिक माणसांना सरकारी आरोग्यसेवेत घेतलेल्या रक्तातून वा रक्तघटकांतून एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसचा संसर्ग झाला आणि त्यांतली तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, असे त्यात नोंदले आहे. त्याच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत क्षमा मागितली. आपल्याकडे या बातमीची जी काही दखल घेतली गेली ती बव्हंशी त्या नावामुळे, असे मला वाटते. या प्रकरणाची वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी सांगावी. मला त्यातली पैशाची बाजू पाहायची आहे, कारण तिच्यात राज्यकारभाराचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल.

तरीही मूळ घटना थोडक्यात सांगणे भाग आहे. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, कारण त्यात एक घटक, बहुतेकांच्या बाबतीत ‘फॅक्टर आठ’, कमी असतो. १९७३ पासून ब्रिटनमध्ये या घटकाची सुकवलेली भुकटी वापरात आली. पाण्यात कालवून घरच्या घरी टोचून घेता येई. रुग्णाला ते वरदानच वाटले. पण ही भुकटी हजारो, कधी कधी दहा हजारांवर माणसांचा रक्तद्रव एकत्र करून बनवत. त्यांतला एक जरी बाधित असला तरी सगळा साठा नासणार. आणि ब्रिटनला पुरेशी भुकटी स्वतः बनवता येत नव्हती म्हणून ती अमेरिकेतून येऊ लागली. तेथे रक्तद्रव पैसे देऊन विकत घेत, त्यात तुरुंगातले कैदीही असत. विकतच्या रक्तापेक्षा दानाचे रक्त श्रेष्ठ, असा सिद्धान्त रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली मांडला होता आणि त्याचा ब्रिटनला मोठा अभिमान. तोच देश काही वर्षांतच विकतच्या रक्ताचे मोठे गिऱ्हाईक झाला. १९७५ मध्ये डेव्हिड ओवेन या मंत्र्याने स्वयंपूर्णतेचे आश्वासन दिले होते, ते वेळेत पुरे झाले नाही. मे १९८३ मध्ये साथरोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी अमेरिकी रक्तघटक तूर्त मागे घ्यावेत, असे आरोग्य खात्याला लेखी कळवले. ते मागे घेतले गेले नाहीत. सुमारे बाराशे पन्नास हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्ही झाला, त्यांत तीनशे ऐंशीच्या आसपास मुले होती. हॅम्पशायरमधल्या ट्रेलोअर शाळेत सत्तर ते सत्त्याऐंशी या काळात हिमोफिलियाची १२२ मुले शिकून गेली. अहवाल लिहिला गेला तेव्हा त्यांतली तीसच्या आसपास हयात होती. शिवाय बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेत रक्त चढवलेली सव्वीस-सत्तावीस हजार साधी माणसे हिपॅटायटिस सी घेऊन घरी गेली ती वेगळीच.

आता पैशाकडे वळू. नोव्हेंबर १९८७ मध्ये थॅचर सरकारने एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाग्रस्तांसाठी एक कोटी पौंड जाहीर केले आणि १९८८ मध्ये ते वाटण्यासाठी ‘मॅकफर्लेन ट्रस्ट’ नावाचा धर्मादाय न्यास उभा राहिला. बाधित बाराशेच्या आसपास. म्हणजे माणशी सव्वाआठ हजार पौंड, आणि तेही हातात नाहीत, तर न्यासाकडे. न्यास गरज पाहणार, उत्पन्न विचारणार, मग देणार. धर्मादाय न्यास ही रचना येथे महत्त्वाची आहे. सरकारी खात्याने थेट पैसे दिले असते तर ‘का दिले’ हा प्रश्न आला असता. न्यासाने दिले की घेणारा आपोआप याचक ठरतो. घर गरम ठेवायला, गादी बदलायला, प्रवासखर्चाला अर्ज करावे लागत. ते करताना भीक मागितल्यासारखे वाटे, असे पुढे कित्येकांनी चौकशीपुढे सांगितले. न्यासाच्या कर्मचाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. ज्याच्या पेटीत पैसेच कमी ठेवले आहेत तो कारकून दहांतल्या सातांना नकार देण्याची कारणे शोधतो. हे मी कोणत्याही बँकेच्या, कोणत्याही शाखेच्या अनुभवावरून सांगू शकतो.

हिमोफिलियाच्या रुग्णांनाच का दिले? तर त्यांचे प्रकरण ‘विशेष’ होते म्हणून. आरोग्यसेवेत दोष सिद्ध झाल्याविना भरपाई द्यायची नाही हे सरकारचे धोरण होते आणि दार किलकिले केले तर सारी गर्दी आत येईल, ही भीती. म्हणून दार उघडायचे नाही. खिडकीतून थोडे द्यायचे. १९८९ मध्ये माणशी वीस हजार पौंड आणखी दिले गेले, तेही याच भाषेत.

दरम्यान शेकडो रुग्ण न्यायालयात गेले होते. दावा ऐकणाऱ्या न्यायमूर्तींनी १९९० मध्ये तडजोडीचा विचार करण्यास सुचवले आणि डिसेंबरमध्ये, जॉन मेजर पंतप्रधान होताच, चार कोटी वीस लाख पौंडांचा तोडगा निघाला. त्याचे वाटप पाहण्यासारखे आहे. बाधित मुलाला २१,५०० पौंड, मुलेबाळे असलेल्या विवाहिताला ६०,५००. हिशेब उघड आहे: मागे कोण राहणार यावर रक्कम ठरली. ज्याचे आयुष्य बारा वर्षांचे असतानाच संपत आले त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. पण माझ्या मते या तोडग्यातली सर्वांत कठोर गोष्ट वेगळीच होती. पैसे घेताना रुग्णांनी एका हमीपत्रावर सही करायची होती, की यापुढे आपण एचआयव्हीबद्दल वा हिपॅटायटिसबद्दल सरकारवर दावा करणार नाही. दावा तर एचआयव्हीचा होता. मग हिपॅटायटिस कोठून आला? १९८९ मध्ये हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला होता, त्याची चाचणी येऊ घातली होती, आणि ज्यांनी ती भुकटी वर्षानुवर्षे टोचून घेतली त्यांच्यात हाही विषाणू असणार, हे जाणकारांना कळत होते. सही करणाऱ्यांतल्या पुष्कळांना ते कोणी सांगितले नव्हते. काहींची चाचणी तर त्यांना न विचारता होऊनही गेली होती.

‘फुल अँड फायनल’ हे शब्द मी स्वतः असंख्य कागदांवर लिहून घेतले आहेत. त्यांचा आधार एकच असतो: दोन्ही पक्षांना आपण काय सोडत आहोत हे ठाऊक आहे. एका पक्षाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा सहीला सावकारीत काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. मरणाच्या दारात असलेला माणूस, घरात लहान मुले, वकील सांगतो की एकाने सही अडवली तर सगळ्यांचेच अडेल. त्याने सही केली.

रक्त चढवताना एचआयव्ही झालेल्यांसाठी सरकारला जाग आली ती १९९२-९३ मध्ये. त्यांच्यासाठी ‘आयलीन ट्रस्ट’ हा वेगळा न्यास. हिपॅटायटिस सीच्या हजारो रुग्णांना त्यानंतरही दहा वर्षे काहीच नव्हते. २००४ मध्ये ‘स्किप्टन फंड’ आला. पहिल्या टप्प्यात वीस हजार पौंड एकरकमी. यकृताचा सिरोसिस वा कर्करोग झाला तर आणखी पंचवीस हजार. म्हणजे पुढचा हप्ता मिळण्यासाठी पुरेसे आजारी पडावे लागे. २९ ऑगस्ट २००३ पूर्वी जे मरण पावले त्यांच्या कुटुंबांना काहीच नाही, कारण योजना त्या दिवशी जाहीर झाली. ही अट निघायला २०११ उजाडले. हिपॅटायटिस बी झालेल्यांना या कोणत्याही योजनेत जागा नव्हती.

स्किप्टनकडे अर्ज करणाऱ्याने सिद्ध करायचे होते की सप्टेंबर १९९१ पूर्वी, म्हणजे ब्रिटनमध्ये रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सुरू होण्याआधी, आपल्याला सरकारी दवाखान्यात रक्त दिले गेले. कशाने सिद्ध करायचे? रुग्णालयाच्या नोंदींनी. त्या नोंदी कोणाच्या ताब्यात? रुग्णालयाच्या. आणि त्या नसल्या तर? मग अर्ज नामंजूर. एखादी बाई १९७८ मध्ये बाळंतपणात वाचली, तिला रक्ताच्या बाटल्या लावल्या हे तिला आणि तिच्या नवऱ्याला आठवते. तिला हा आजार पंचवीस वर्षांनी कळतो. तोवर कागद नियमानुसार रद्दीत गेलेले असतात. असे अर्जदार थोडेथोडके नव्हते. बँकेतही जुनी व्हाउचरे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात, त्यात गैर काही नाही. पण पावती बँकेने नष्ट केली असेल तर खातेदाराला ‘तुमचे पैसे नव्हतेच’ असे म्हणता येत नाही. येथे म्हटले गेले. लँगस्टाफ यांना तर याहून गंभीर गोष्ट आढळली: खुद्द आरोग्य खात्यातली काही कागदपत्रे १९९३ मध्ये जाणूनबुजून नष्ट केली गेली होती.

पुढची काही वर्षे मी भरभर ओलांडतो. कॅक्स्टन फाउंडेशन धरून २०११ पर्यंत अशा संस्था पाच झाल्या. ज्याला दोन्ही विषाणू होते त्याला एकाच शरीराचे अर्ज वेगवेगळ्या दारांत द्यावे लागत. लॉर्ड आर्चर यांनी खाजगी देणग्यांवर चौकशी केली आणि २००९ मध्ये आयर्लंडच्या धर्तीवर मदत द्या, असे सांगितले. आयर्लंडने १९९५ मध्येच न्यायाधिकरण नेमून न्यायालयीन नुकसानभरपाईच्या मापाने रकमा द्यायला सुरुवात केली होती. ब्रिटिश सरकारचे उत्तर असे, की तेथे सरकारी रक्तपेढीचा दोष सिद्ध झाला होता, आमची गोष्ट निराळी. एप्रिल २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा युक्तिवाद चुकीच्या माहितीवर आधारलेला असल्याचे सांगितले. आयर्लंडची योजना दोष मान्य करण्याआधीच ठरली होती. तरीही रकमा काही आयर्लंडएवढ्या झाल्या नाहीत. २०१७ मध्ये जुन्या संस्था मोडून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड अशा चार योजना झाल्या. वार्षिक रकमा आल्या, वागणूक थोडी माणसासारखी झाली. पण रोग एक, रक्त एक आणि रक्कम कोणत्या प्रांतात राहता यावर, अशी अवस्था काही वर्षे टिकली.

कादंबरीकार म्हणून मला या साऱ्यात एका गोष्टीचे नवल वाटते, ती म्हणजे भाषेचे सातत्य. ‘त्या वेळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार दिले गेले’ हे वाक्य सरकारे बदलली, पक्ष बदलले तरी बदलले नाही. मंत्री येत, खात्याने तयार केलेला मसुदा वाचत, जात. लँगस्टाफ यांनी या वाक्याचा माग काढला तेव्हा त्याच्या मुळाशी कसलाही तपास नव्हता. जॉन मेजर २०२२ मध्ये चौकशीपुढे साक्षीला आले तेव्हा, बाधितांचे ते दुर्दैव, अशा अर्थाचे बोलून गेले आणि दालनात बसलेल्यांना ते सहन झाले नाही. तेही साहजिक होते. दुर्दैवाला भरपाई नसते, अनुग्रहच असतो.

सरकारची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. सार्वजनिक आरोग्यसेवा रोज लाखो माणसांवर उपचार करते. प्रत्येक अनिष्ट परिणामाची भरपाई द्यायची म्हटले तर उपचारांचाच पैसा आटेल. हा मुद्दा खोटा नाही. पण तो लागू पडतो कोठे? धोका कोणालाच ठाऊक नव्हता तेथे. येथे धोका लेखी कळवला गेला होता, रुग्णांना तो सांगितला नव्हता आणि नंतर कागद नाहीसे झाले होते. शिवाय नुसत्या तिजोरीच्या दृष्टीने पाहिले तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. १९९० मध्ये चार कोटी वीस लाखांत प्रकरण ‘मिटवले’. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात रेचेल रीव्हज यांना त्याच प्रकरणासाठी १,१८० कोटी पौंडांची तरतूद करावी लागली. लाभार्थी वाढले, चलन घसरले, हे सगळे वजा केले तरी त्यातली मोठी रक्कम टाळाटाळीची आहे.

ही तरतूदही सहजासहजी झाली नाही. सर रॉबर्ट फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये भरपाईचा आराखडा करून दिला. त्याच वर्षी लँगस्टाफ यांनी अहवालाची वाट न पाहता माणशी एक लाख पौंड तातडीने द्या म्हणून सांगितले, आणि ते दिले गेले. परंतु ज्यांची मुले मेली अशा आईबापांना त्यात काही नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी भरपाई यंत्रणा ताबडतोब उभारा, असे म्हटले. सरकार ‘अंतिम अहवाल येऊ द्या’ म्हणत राहिले. शेवटी ४ डिसेंबर २०२३ रोजी डायना जॉन्सन यांच्या दुरुस्तीवर कॉमन्स सभागृहात सरकारचा २४६ विरुद्ध २४२ असा पराभव झाला, तेव्हा चक्र हलले. मे २०२४ च्या कायद्याने स्वतंत्र भरपाई प्राधिकरण आले. आईबाप, जोडीदार, मुले, भावंडे, शुश्रूषा करणारे यांनाही प्रथमच स्वतःच्या नावाने हक्क मिळाला. शरीराची हानी, समाजाने झिडकारल्याची हानी, बुडालेली कमाई, आणि न विचारता प्रयोग केल्याबद्दल वेगळी रक्कम, अशी सदरे झाली. ट्रेलोअर शाळेतल्या मुलांवर त्यांच्या नकळत झालेल्या संशोधनाबद्दल २०२४ मध्ये ठरलेली रक्कम होती पंधरा हजार पौंड. हा आकडा कोणत्या सूत्राने आला असेल याचा मी बराच विचार केला.

आणि मग पुन्हा रांग. प्राधिकरण स्वतः एकेकाला बोलावणार, तोवर अर्जही करायचा नाही, अशी पद्धत ठरली. काउंटर उघडे आहे, पण टोकन देणारा शिपाई तुमच्याकडे येईपर्यंत बाकावरून उठायचे नाही. जुलै २०२५ मध्ये लँगस्टाफ यांना केवळ या दिरंगाईसाठी पूरक अहवाल काढावा लागला. तोवर पूर्ण भरपाई मिळालेले होते ४६०. बाधितांच्या संघटनांच्या अंदाजाप्रमाणे दर चार दिवसांना त्यांच्यातला एक जण जातो.

हे सारे वाचताना आपल्याकडे काय, हा प्रश्न येतोच. धंदेवाईक रक्तदाते बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी १९८९ पासून, हिपॅटायटिस सीसाठी २००१ पासून सक्तीची आहे. मात्र तपासणी चुकली, वा झालीच नाही, तर त्या माणसाचे पुढे काय, याची कायमस्वरूपी योजना आपण केलेली नाही. जो लढू शकतो तो न्यायालयात जातो. ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी, २००२ मध्ये, जम्मूकडच्या सांबा येथील लष्करी रुग्णालयात हवाई दलातल्या एका जवानाला रक्त चढवले गेले. आपल्याला एचआयव्ही आहे हे त्याला २०१४ मध्ये कळले. ग्राहक आयोगाने त्याचा दावा फेटाळला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. त्या निकालपत्रात भरपाई हा शब्द आहे, अनुग्रह नाही. त्यासाठी त्याला नऊ वर्षे भांडावे लागले, आणि तो भांडू शकला, कारण तो प्रौढ होता आणि शिस्तीत वाढलेला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडच्या चाईबासा येथील सरकारी रुग्णालयात रक्त घेणारी पाच मुले एचआयव्हीबाधित आढळली. थॅलेसेमियाची मुले, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच, जन्मभर. गुजरातेत जुनागढला २०११ मध्ये अशीच २३ मुले निघाली होती. झारखंड सरकारने चाईबासाच्या प्रत्येक कुटुंबाला दोन लाख रुपये जाहीर केले. या मुलांना औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात, हे मान्य. पण महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी नेण्यासाठी बापाची एक-दोन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, शाळेत कोणाला कळले तर शाळा सुटते. ते दोन लाख कोणी खर्चून न टाकता सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला चौदा हजार रुपये व्याज येते. महिन्याला अकराशे सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे.